घाटाखालची बिनचुन्याची माती : एक प्रस्तावना

नदीने वाहून आणलेल्या गोट्याखड्यांत चुना मिसळून जी भूमी तयार होते, आणि जी विशेषतः हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडणाऱ्या सपाट प्रदेशांत दृष्टीस पडते, तिच्या गुणदोषांचा विचार करणाऱ्या ग्रंथाची प्रस्तावना पोलादपूर तालुक्यातील कापडे गावापासून सुरू व्हावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याजोगे आहे. कापड्यास थंडी बेताची, सपाटी नावापुरती, आणि चुना म्हणावा तर पानाच्या डबीत असेल तेवढाच. परंतु चुना मातीत येतो कोठून आणि मातीतून जातो कोठे, ह्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच मिळते, आणि ते मिळाल्यावाचून पहिल्याचे उत्तर अपुरे राहते. सबब आरंभ येथूनच करणे मला योग्य वाटले.

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री घाटमाथ्यावरून खाली उतरते, पोलादपूर व महाड ह्या दोन्ही कसब्यांवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते, आणि ह्या अल्प प्रवासात तिला दोन्ही अंगांनी असंख्य ओढे व डोंगरी नद्या येऊन मिळतात. अशाच एका डोंगराळ कुशीत, तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठच्या बाजूस, कापडे वसले आहे. तळाशी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीची वरकस जमीन, त्याहून वर गवताळ उतार, आणि सर्वांच्या माथ्यावर काळाकभिन्न कातळ, अशी येथील भूमीची उतरंड आहे. ओढ्याने जेथे दरड कापून काढली आहे तेथे उभे राहिले, तर ह्या उतरंडीचा सर्व इतिहास हातभर उंचीत वाचावयास सापडतो. वर वीतभर तांबूस-करडी चिकणमाती, तिच्यात भाताच्या मुळांच्या बाजूने उमटलेल्या गंजाच्या बारीक रेघा. तिच्याखाली मुठीएवढ्या व नारळाएवढ्या गुळगुळीत गोट्यांचा थर, गोट्यांच्या फटींत वाळू. आणि त्याच्याही खाली असा मऊ पडलेला मुरूम की ज्यात नखाने रेघ ओढता यावी. हे गोटे दर पावसाळ्यात नव्याने येत असतात. २००५ आणि २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत महाड व पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळून जी भीषण प्राणहानी झाली तिची आठवण अद्याप ताजी आहे. त्या आपत्तींत वर्षानुवर्षे राखलेली खाचरेही दगडमातीखाली गेली, हे दुःख मनुष्यहानीपुढे साहजिकच मागे पडले.

ह्या गोट्यांपैकी कोणताही एक हातात घेऊन पाहावा. काळ्या दगडात जागोजाग पांढरे ठिपके, क्वचित करंगळीच्या पेराएवढे पांढरे गाठोळे दिसते, आणि पाहणाऱ्याच्या मनात लागलीच येते की, हा चुना. प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब त्यावर सोडला की ह्या समजुतीची परीक्षा होते. चुनखडी असेल तर थेंब तत्काळ फसफसतो. बहुतेक ठिपक्यांवर मात्र तो पाण्यासारखा निमूट बसून राहतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत कालांतराने झिओलाइट, गारगोटी व तत्सम खनिजे भरली, तीच ही पांढरी रवाळ भर होय. एखाद्या पोकळीत कॅल्साइट निघाले तर तेवढ्यापुरता थेंब उसळतो खरा, पण त्याच थेंबाची बाटली बाजूच्या मातीवर रिती केली तरी ती माती शांतच राहते. गोटे आहेत, गाळ आहे, नदी आहे, दगडात चुन्याचे मूलद्रव्यही आहे. मातीत मात्र चुना नाही. ह्या परिस्थितीचा उलगडा झाला की प्रस्तुत विषयाची निम्मी वाट चालून झाली असे समजावे.

दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला बेसाल्ट, रासायनिक दृष्ट्या चुन्याला मुळीच पारखा नाही. त्याचे पृथक्करण केले असता चुन्याचा अंश शेकडा १० च्या आगेमागे भरतो. तो फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ह्या खनिजांत बद्ध असतो. पावसाचे पाणी मातीत मुरताना मुळांच्या श्वासोच्छ्वासातून निघालेला कर्बवायू शोषून घेते व किंचित आम्ल होते. ते आम्लजल खनिजांना हळूहळू झिजवते आणि त्यांतील कॅल्शियम विरघळवून आपल्याबरोबर घेऊन जाते. येथवरची हकीकत घाटावर आणि घाटाखाली अगदी एकच आहे. फरक पडतो तो ह्यापुढे. पाणी जर भरपूर असेल तर ते कॅल्शियमला ओढ्यात, ओढ्यातून नदीत व नदीतून समुद्रात नेऊन पोहोचवते. पाणी जर तुटपुंजे असेल तर ते हातभर खोल जाऊन थबकते, उन्हाने व मुळांनी वरच्या वर शोषले जाते, आणि जाता जाता आपले ओझे तेथेच टाकून जाते. ते टाकलेले ओझे म्हणजेच कंकर, चुनखडी. माणसाच्या दृष्टीने कोकणाचा पाऊस हे वैभव असेल, पण मातीच्या जमाखर्चात तो कायमचा खर्चाच्या बाजूस लिहावा लागतो.

हा जमाखर्च प्रत्यक्ष पाहावयाचा तर पोलादपुराहून आंबेनळी घाटाने वर चढावे. पोलादपुरास वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरी तो ५,५०० च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. ह्या माथ्यावर धुपण्याचे कार्य इतके पुरे झाले आहे की कॅल्शियम तर राहोच, सिलिकेचा बराचसा अंशही निघून जाऊन मागे लोह आणि ॲल्युमिनियम ह्यांचा तांबडा, छिद्रमय साका तेवढा उरला आहे. तोच जांभा. (फ्रान्सिस ब्युकॅनन ह्या गृहस्थाने मलबारातील अशाच दगडाचे वर्णन १८०७ साली प्रसिद्ध करून त्यास लॅटेराइट हे नाव दिले; आपल्याकडील गवंड्यांना तो दगड त्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होता, हे सांगणे न लगे.) महाबळेश्वराची स्ट्रॉबेरी जी रसरशीत येते तिला तेथील थंड हवेइतकीच ही बिनचुन्याची आम्ल मातीही कारण आहे. पुढे पाचगणी लागते, तेथे पाऊस झपाट्याने उतरलेला असतो. पसरणीचा घाट उतरून वाईस आलो की मातीचा रंग काळवंडू लागतो. आणि कृष्णाकाठ मागे टाकून फलटणच्या बाजूस वळलो की पाऊस ५०० मिलिमीटरच्या घरात येऊन ठेपतो व नांगराच्या तासातून पांढरे खडे उघडे पडू लागतात. तेथे आम्लाचा थेंब टाकला तर तो उकळत्या दुधासारखा वर येतो. दीडशे किलोमीटरच्या आत, एकाच पाषाणापासून, अशा दोन सर्वस्वी परक्या जमिनी निपजाव्यात, ह्याचे मला आजही नवल वाटते. आणि जमिनीचे गोत्र दगडावरून ठरवणाऱ्यांना हा प्रवास एकदा सक्तीने घडवावा असेही मनात येते.

आता ज्या भूमीचा हा ग्रंथ आहे तिच्याकडे वळू. महाराष्ट्रात खडे, गाळ आणि चुना ह्यांचा त्रिवेणी संगम पाहण्यास प्रवरेच्या काठी नेवाशास जावे. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका जेथे सांगितली ते हेच नेवासे, आणि डॉ. हसमुख सांकळियांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात जेथे उत्खनन करून महाराष्ट्राचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेला तेही हेच. प्रवरेने आपल्याच जुन्या गाळात खोल पात्र कापले असल्याने काठाच्या उभ्या दरडींत तो गाळ भिंतीसारखा उघडा पडलेला आहे. तळाशी गोट्याखड्यांचे थर आहेत, आणि हे गोटे सुटे नाहीत. चुन्याने त्यांना एकमेकांशी असे सांधून टाकले आहे की पहारीचा घाव घातला असता प्रसंगी सांध्याऐवजी गोटाच फुटतो. आदिमानवाची दगडी हत्यारे ह्याच थरांत चिणलेली सापडली. वरच्या पिवळसर मातीत कंकराचे दाणे विखुरलेले असतात, कोठे ज्वारीएवढे, कोठे सुपारीएवढे, कोठे मुळाच्या पोकळीत साचून नळीसारखे लांबट. गोदावरी, मुळा, घोड, कुकडी ह्या नद्यांच्या काठीही कमीअधिक हाच देखावा आहे. कापड्याच्या ओढ्यातील गोटा आणि नेवाशाच्या दरडीतील गोटा एकाच जातीच्या दगडाचे. परंतु एक सुटा घरंगळत आहे आणि दुसरा चुन्याच्या बंधनात हजारो वर्षे जागच्या जागी आहे.

युरोपात ह्याच वर्णनाची भूमी वेगळ्या मार्गाने तयार झालेली आढळते, आणि हा भेद वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावा, नाहीतर पुढे घोटाळा होतो. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा प्रांत आहे. आल्प्सच्या चुनखडकातून व डोलोमाइटातून निघणाऱ्या ताल्यामेंतो, मेदूना, चेल्लीना ह्या नद्यांनी तेथील मैदानावर गोट्यांचे अवाढव्य पसारे घातले आहेत. तो गोटा स्वतःच चुन्याचा. हवा थंड, पाऊस पुष्कळ. पण धुऊन नेण्यास जेवढा चुना आहे तो संपण्यासारखा नसल्याने माती चुनखडीयुक्तच राहते. नदीचे पाणी ह्या गोट्यांत शिरून दिसेनासे होते आणि कित्येक मैल दक्षिणेस, जेथे बारीक गाळ सुरू होतो तेथे, झऱ्यांच्या रांगेने पुन्हा वर येते. वरची जमीन कोरडी, गवताळ व द्राक्षवेलींस मानवणारी. खालची ओलसर व सकस. तेव्हा एक चुना आईबापांकडून, म्हणजे मूळ खडकाकडून, आलेला, आणि दुसरा हवामानाने साठवलेला. उत्तर बिहारात गंडकीच्या गाळाचे जे चुनखडीयुक्त पट्टे आहेत, ज्यांत पुसा हे कृषिसंशोधनाचे जुने ठाणे १९०५ साली वसले, ते पहिल्या जातीचे. आपले नेवासे व फलटण दुसऱ्या जातीचे. पहिल्या जातीत चुना सर्व थरांत सारखा मिसळलेला असतो. दुसऱ्या जातीत तो विशिष्ट खोलीवर दडी मारून बसतो, आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ता बहुधा फळबाग लावून चार वर्षे झाल्यावर, मुळे तेथवर पोहोचली म्हणजे लागतो. शेतातील व्यवहारास ह्या भेदाइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, असे माझे मत आहे.

सरकारदरबारी चुनखडीची दखल घेतली गेली ती मात्र फार जुनी. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून जी नवी पैमाश सुरू झाली, आणि गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी जिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के केले, तिच्यात जमिनीच्या नऊ प्रती कल्पिल्या होत्या. उत्तम प्रत सोळा आणे, कनिष्ठ दोन आणे. मातीची जात आणि हातांनी मोजलेली तिची खोली, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत, ह्यांवरून प्रत ठरे; आणि मग ऐब पाहिले जात. प्रत्येक ऐबाला नकाशात स्वतंत्र खूण असे, व एकेका ऐबाने जमीन एकेक प्रत खाली उतरे. ह्या ऐबांच्या यादीत चुनखडीचे बारीक खडे होते, वाळूची भेसळ होती, उतार होता, उपळाची ओल होती, पाण्याच्या लोंढ्याखाली जाण्याची भीती होती. प्रतबंदी कारकुनाजवळ आम्लाची बाटली नव्हती, परंतु कुदळीने उकरलेल्या खळग्यातील माती बोटांत चुरडून तो जो निर्णय देई तो आजच्या पृथक्करणाशी पुष्कळदा जुळतो. कोकणातील भातजमिनींची प्रत ठरवताना अर्थात पाण्याची सोय व बांधबंदिस्ती ह्यांचाही हिशेब घ्यावा लागे, आणि चुनखडीची खूण तेथे करण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. दोष नाही म्हणून जमीन निर्दोष, असा अर्थ जमाबंदीच्या कागदावरून निघाला. तो खरा नव्हता.

चुना हा ऐब का, हे उसाच्या शेतकऱ्यास विचारावे. कोवळी पाने पांढरट पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि तो म्हणतो, उसावर केवडा पडला. मातीत लोह नसते असे नाही, मुबलक असते. पण सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक, ८ च्या वर गेला की ते मुळांना घेता येईल अशा स्वरूपात राहत नाही. भुईमूग, संत्रे, द्राक्ष ह्यांचीही तीच कथा. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले तेव्हा अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलमे बांधण्याचा उपाय निघाला, परंतु चुनखडीच्या जमिनीत ते खुंट पिवळे पडून मरू लागले. तेव्हा १८८७ मध्ये पियेर व्हियाला ह्या शास्त्रज्ञाची रवानगी खास चुना सोसणारी वेल शोधण्यासाठी अमेरिकेत करण्यात आली, आणि टेक्सासच्या चुनखडकाळ टेकड्यांवर ती त्यास मिळाली. जमीन बदलता येत नाही म्हणून झाड बदलण्याची ही तजवीज आज आपल्याकडील द्राक्षबागाईतदारही खुंट निवडताना करीत असतात. स्फुरदाचे दुखणे निराळे. खत म्हणून घातलेला स्फुरद चुन्याशी संयोग पावून अडकून पडतो. परंतु चुना गुणकारीही आहे हेही त्याच दमात म्हटले पाहिजे: काळी जमीन चोपण होऊ लागते तेव्हा सोडियमला हटवण्यास कॅल्शियमच लागते, मातीचे कण एकत्र धरून रवाळपणा तोच देतो, आणि खड्यांमुळे निचरा होत असेल तर थोडासा चुना पिकास बाधत नाही. प्रमाण शेकडा १० च्या वर गेले की फळबागेचा विचार दोनदा करावा.

आता पुन्हा घाटाखाली. कापड्याच्या भागातील मातीचा सामू ७ च्या बराच खाली असतो, आणि स्फुरद येथेही अडकतोच. फक्त येथे त्याला अडकवणारे चुन्याऐवजी लोह आणि ॲल्युमिनियम असतात. मग ह्या आम्ल मातीत भात इतका सुखाने कसा पिकतो? खाचरात पाणी तुंबले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे रूपांतर होते, आणि त्या क्रियेत आम्लता आपोआप शमून सामू काही आठवड्यांत ७ च्या जवळ येतो. चिखलणीनंतर खाचराच्या कोपऱ्यांत तेलासारखी चमकणारी जी तांबूस साय दिसते ती ह्याच लोहाची. पाणी ओसरले की आम्लता परत येते, आणि म्हणूनच भातानंतर अंगओलीवर पेरलेल्या वालास ती जाणवते. कडधान्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंना आम्ल माती रुचत नाही.

आणि येथे राबाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भाताचे रोप करण्यापूर्वी पालापाचोळा, टहाळ, गवत व शेण ह्यांचे थर देऊन ती जागा भाजावयाची, ह्या रिवाजावर सुधारकांनी आजवर पुष्कळ कोरडे ओढले, आणि जंगलतोडीच्या दृष्टीने ते अनाठायी नव्हते. परंतु तणाचे बी जळते एवढाच त्याचा लाभ नाही. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश हे दोन्ही असतात. डोंगरावरील झाडांनी खोल मुळांनी शोधून आणलेला कॅल्शियमचा अंश राबाच्या वाटेने खाचराच्या एका कोपऱ्यात येऊन पडतो, आणि ज्या मातीचे हे धन पावसाने हिरावून नेले तिला त्याचा काही भाग परत मिळतो. कोकणच्या शेतकऱ्याने चुन्याचे रसायन वाचले नव्हते. त्याने फक्त रोपे कोठे काळीभोर उठतात हे पाहिले. राब बंद व्हावा असे माझेही मत आहे, पण बंद करणाऱ्याने राखेतून मिळणाऱ्या चुन्याची भरपाई कशाने करणार, हे आधी सांगावे.

ती भरपाई अवघड नाही. ज्या कोकणात चुनखडक नाही त्या कोकणाने शिंपले भाजून चुना पाडला आणि त्यावर वाडे, देवळे व तट बांधले. देशावर तोच चुना कंकर भाजून निघे. शेतासाठी बारीक दळलेली चुनखडी पेरणीपूर्वी काही आठवडे मातीत मिसळली की पुरे. अडचण निराळीच आहे. शेतीविषयक उपदेशाचा मोठा भाग देशावरच्या जमिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला जातो, आणि चुन्यापासून सावध राहण्याची तेथे योग्य असलेली सूचना वर्तमानपत्रांतून व चोपड्यांतून घाट उतरून खाली येते. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून ह्या भूमीचा स्वतंत्र अभ्यास करीत आहेत, आणि त्यांच्या शिफारशी घाटावरच्या शिफारशींहून जेथे भिन्न आहेत तेथे त्या तशा का आहेत, हे पुढील प्रकरणांवरून समजेल अशी उमेद आहे. चुनखडीच्या जमिनीची लक्षणे ज्या विस्ताराने त्यांत दिली आहेत तो विस्तार घाटाखालच्या वाचकास निरुपयोगी वाटू नये. प्रत्येक लक्षणापुढे आपल्या शेतात ह्याच्या उलट काय दिसते ते त्याने स्वतः लिहून काढावे.

एवढ्यासाठी वाचकांस एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी, भात कापून शेत कोरडे झाल्यावर, आपल्या शेतातील माती काढावी. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि विशेषतः राब भाजलेल्या जागेची माती टाळून, शेतात नागमोडी फिरत आठदहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची चकती खरवडून सर्व माती एकत्र करावी, सावलीत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावे, आणि अर्धा किलो उरली की गट क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह ती माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. अहवालात सामू आणि मुक्त चुना हे दोन आकडे मागून घ्यावेत. ते दोन आकडे हाताशी ठेवून मग हा ग्रंथ वाचावा.